डीएटी : लेक अमेरिकेत डेंटल स्कूलच्या प्रवेश परीक्षेला बसतेय, कुणी अनुभव सांगाल का?

वैजू_एनजे | १२ मार्च २०२३

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बायॉलॉजी घेतलंय, आणि आठवीत दातांना तारा लावल्या तेव्हापासून तिला डेंटिस्टच व्हायचंय. येत्या जूनमधे डीएटी द्यायची म्हणतेय, कारण डेंटल स्कूलचे अर्ज जूनच्या सुरुवातीला जायला लागतात आणि जितका अर्ज लवकर तितकं बरं असं तिला सीनियर्सनी सांगितलंय. आमच्या दोघांचंही शिक्षण सातारा-पुण्यात झालं, मी कॉमर्सची, नवरा मेकॅनिकल, त्यामुळे या परीक्षेतलं घरात कुणालाच काही कळत नाही. बारावीला आमच्या आईवडिलांनी निदान कुठला क्लास चांगला ते तरी शोधून दिलं होतं, मला तेवढंही करता येत नाहीये याचं फार वाईट वाटतं.

परवा रात्री साडेअकराला तिच्या खोलीत दूध द्यायला गेले तर स्क्रीनवर चार कोन शेजारी शेजारी काढलेले, लहान ते मोठा असा क्रम लावायचा, आणि ही डोळ्यांत पाणी आणून बसलेली. म्हणाली, आई मला हे चारही सारखेच दिसतायत. मी पण बघितलं, मलाही सारखेच दिसले. दातांच्या डॉक्टरला हे कोन कशाला लागतात हो? आणि याची तयारी कशी करायची, किती महिने लागतात, क्लास लावायचा का, कुणाच्या मुलांनी दिली असेल तर प्लीज सांगा.

अक्षय_फिली | १२ मार्च २०२३

काकू नमस्कार, मी फिलाडेल्फियाला डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डीएटी देऊन झालीये त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी परीक्षा काय आहे ते. अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते, कंप्युटरवर असते, वर्षभरात कधीही तारीख घेता येते. चार भाग. पहिला सायन्सचा, ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यात ४० बायॉलॉजी, ३० जनरल केमिस्ट्री, ३० ऑरगॅनिक. फिजिक्स अजिबात नाही. मग ते कोन वगैरे, त्याला पॅट म्हणतात, ६० मिनिटांत ९० प्रश्न. मधे अर्ध्या तासाचा ब्रेक. नंतर रीडिंग, तीन मोठे उतारे, ६० मिनिटं, ५० प्रश्न. शेवटी गणित, ४५ मिनिटांत ४० प्रश्न. सगळं धरून पाच तासांच्या वर जातं आणि गणित सगळ्यात शेवटी येतं जेव्हा डोकं पार थकलेलं असतं, हे लक्षात ठेवायला सांगा तिला.

मार्क १ ते ३० च्या स्केलवर येतात. पॅट सोडून बाकी पाच विषयांची सरासरी म्हणजे एए, पॅटचा स्कोअर वेगळा दिसतो. प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी २० च्या आसपास असते, म्हणजे २० च्या वर गेली की बऱ्याच दारांवर टकटक करता येते. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, वेळ संपत आला तर बाकीच्यांना डोळे मिटून एकच पर्याय मारायचा.

आता कोन. पॅटमधे सहा प्रकार असतात, प्रत्येकी १५ प्रश्न. एखादी वस्तू कुठल्या भोकातून बरोबर आरपार जाईल, वस्तूची वरून-समोरून-बाजूने आकृती, कोनांचा क्रम, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, ठोकळ्यांच्या ढिगाला रंग दिला तर किती ठोकळ्यांच्या किती बाजू रंगतील, आणि सपाट कागदाची घडी घालून कुठला आकार होईल. तुम्ही विचारलंत कशाला लागतं, तर आम्ही दिवसभर तोंडात छोट्या आरशात बघून काम करतो, वरच्या दाढेची मागची बाजू थेट दिसतच नाही, सगळं उलटं बघून हात चालवायचा असतो. कॅव्हिटी कोरताना भिंतीचा कोन काही अंशांनी चुकला तर फिलिंग टिकत नाही. पूर्वी इथे खडू कोरायला द्यायचे या परीक्षेत, सत्तरच्या दशकात ते बंद होऊन पॅट आली.

कोनांना युक्ती फारशी नाही, रोज थोडे करत राहिलं की डोळा बसतो. फक्त एकेका प्रश्नावर टक लावून बसायचं नाही, जितकं जास्त बघाल तितके सारखे दिसायला लागतात. कोनाच्या टोकावरच नजर ठेवायची, लांब रेघांकडे बघायचं नाही कारण रेघा मुद्दाम लहानमोठ्या दिलेल्या असतात.

टोरांटोकर | १३ मार्च २०२३

कॅनडात डीएटी वेगळी आहे बरं का, कुणी इथून वाचत असेल तर गोंधळ नको. आमच्याकडे कॅनेडियन डेंटल असोसिएशन घेते, त्यात ऑरगॅनिक आणि गणित नाही, बायॉलॉजी, केमिस्ट्री, पॅट आणि रीडिंग एवढंच. माझ्या पुतणीच्या आधीच्या बॅचपर्यंत साबणाचा ठोकळा कोरायची परीक्षा पण होती, दिलेल्या मापाची आकृती सुरीने कोरून द्यायची, आता ती बंद झाली. तिच्या मैत्रिणीच्या घरी तेव्हा आठवड्याला डझनभर साबण यायचे आणि पूर्ण बेसमेंटला वास.

निशिगंध | १३ मार्च २०२३

वैजू, राग मानू नकोस पण एवढी मेहनत घेतेच आहे तर एमडीचंच, म्हणजे इथल्या मेडिकलचंच का नाही बघत? डेंटलचा खर्च ऐकलाय का, खासगी कॉलेजमधे चार वर्षांचं राहण्या-खाण्यासकट चार-पाच लाख डॉलरवर जातं.

वैजू_एनजे | १३ मार्च २०२३

निशिगंध, राग कसला, हा प्रश्न आमच्या घरातही वर्षभर चालला होता. ती दर शनिवारी एका डेंटिस्टकडे नुसतं बघायला जाते, शॅडोइंग म्हणतात, शंभराच्या वर तास झालेत आता. एकदा घरी आली ती एका आजोबांबद्दलच बोलत होती, कवळी बसवल्यावर त्यांनी आरशात बघितलं आणि आधी खिशातून कंगवा काढून केस नीट केले. तिला ते करायचंय. मग आम्ही तो प्रश्न विचारायचं बंद केलं. खर्चाची काळजी आहेच, म्हणून आपल्या राज्यातल्या कॉलेजला पहिली पसंती.

अक्षय, खूप खूप आभार रे. तुझी पोस्ट प्रिंट काढून तिच्या टेबलावर ठेवलीये.

रेवा_नागपूरकर | १५ मार्च २०२३

एक भर घालते. माझ्यासारख्या भारतातून बीडीएस करून इथे आलेल्यांना सहसा डीएटी लागत नाही, बऱ्याच जणी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) विचारतात म्हणून इथेच लिहिते. आम्हाला आयएनबीडीई, म्हणजे डेंटिस्टच्या लायसन्ससाठीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, दोन दिवसांत ५०० प्रश्न, नुसतं पास-नापास, मार्क नाहीत. मग कापिडमधून (परदेशात शिकलेल्या डेंटिस्टांचे अर्ज घेणारी ऑनलाइन सोय) अर्ज करायचा आणि कॉलेजं इंटरव्ह्यूला बोलावून बऱ्याचदा बेंच टेस्ट घेतात, म्हणजे प्लास्टिकच्या दातावर समोर बसून क्राउनची तयारी करून दाखवायची. नंतर दोन-तीन वर्षांचा कोर्स.

नागपूरला पहिल्या वर्षी आम्हाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावायचे, माझी पहिली वरची दाढ मॅडमनी हातात घेऊन फिरवली आणि न बोलता मोडून टाकली, सात वेळा. आठवीला ठेवली. वैजूताई, तुमच्या मुलीला सांगा की डोळा आणि हात दोन्ही शिकवून येतात, जन्मतः कुणालाच दाढ दिसत नाही.

अक्षय_फिली | १६ मार्च २०२३

+१ रेवाताई.

क्लासचं राहिलं होतं. समोरासमोरचे क्लास महाग असतात, माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी बूटकँप किंवा बूस्टर या तयारीच्या ऑनलाइन कोर्सपैकी एक घेतला आणि तेवढ्यावर केलं. दोन्ही घ्यायची गरज नाही. तीन महिने रोज ५-६ तास हे साधारण सगळ्यांचं गणित असतं, पण कॉलेजचे विषय चालू असताना तेवढे तास निघत नाहीत हे धरून चाला. मे महिन्यात तिची फायनल असेल ना? जूनची तारीख मला जरा घाईची वाटतेय, बघा.

वैजू_एनजे | ९ जून २०२३

मंडळी, काल झाली परीक्षा. केंद्रावरच छापील कागद देतात मार्कांचा, तो हातात घेऊन ती गाडीत येऊन बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मी गाडी सुरू पण केली नाही.

बायॉलॉजी १७, जनरल केमिस्ट्री १८, ऑरगॅनिक १६, रीडिंग १९, गणित १६. एए १७. पॅट १६.

अक्षय, तू घाईची म्हणाला होतास, मी तिला सांगितलंही होतं, पण तारीख घेतलेली, पाचशेच्या वर डॉलर भरलेले, मैत्रिणी सगळ्या जूनमधे देणार, मग मीच म्हटलं दे. आता वाटतं मी थांबवायला हवं होतं. फायनल संपून जेमतेम चार आठवडे मिळाले तिला. दोन हजाराच्या वर प्रश्न सोडवले होते तिने, वह्याच्या वह्या भरल्या होत्या, मग असं कसं झालं तेच कळत नाहीये.

दंतवैद्य_पुणे | ९ जून २०२३

वैजूताई, मी इथे फारसं लिहीत नाही पण आज राहवलं नाही. मी १९९८ साली पहिल्या प्रयत्नात बीडीएसला नाही लागलो, एक वर्ष घरी बसलो. आज पुण्यात माझ्या क्लिनिकला बरीच वर्षं झाली आणि एकाही पेशंटने मला विचारलं नाही की डॉक्टर तुम्ही कितव्या प्रयत्नात लागलात. मुलीला दोन आठवडे पुस्तकाला हात लावू देऊ नका, तिला खायला घाला, झोपू द्या, फिरायला न्या. मग बसून नीट बघा कुठे चुकलं.

अक्षय_फिली | १० जून २०२३

काकू, वाईट वाटलं. पण हे भरून निघणारं आहे. दोन परीक्षांच्या मधे ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात, ती लगेच परत देऊ शकणार नाही आणि ते चांगलंच आहे. माझं ऐकाल तर यंदाची प्रवेशाची सायकल सोडून द्या, एक वर्ष मधे घ्या. इथे गॅप इयर घेतलेली कितीतरी मुलं असतात, माझ्या वर्गात तर निम्म्याला आहेत असं वाटतं. घाईने सप्टेंबरमधे देऊन अर्ज ऑक्टोबरला पाठवला तर तोपर्यंत इंटरव्ह्यूच्या जागा भरत आलेल्या असतात.

एक विचारतो. दोन हजार प्रश्न सोडवले म्हणालात, त्यातल्या चुकलेल्या प्रश्नांचं तिने काय केलं? आणि पूर्ण पाच तासांची परीक्षा घरी एका बैठकीत किती वेळा दिली?

वैजू_एनजे | ११ जून २०२३

तिला विचारलं. चुकलेल्यांचं उत्तर वाचायची आणि पुढे जायची. पूर्ण परीक्षा एकदाही नाही, तुकड्या तुकड्याने. शेवटच्या गणितात म्हणे पंचवीस प्रश्नांनंतर आकडे नुसते दिसत होते पण अर्थ लागत नव्हता.

अक्षय_फिली | ११ जून २०२३

तिथेच आहे बघा सगळं. तिला चुकांची वही करायला सांगा. साधी वही, एका पानाला चार रकाने. प्रश्न कशावर होता, मी काय उत्तर दिलं, बरोबर काय, आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, का चुकलं. माहितीच नव्हती, की माहीत होतं पण प्रश्न वाचताना 'नाही' हा शब्द सुटला, की दोन पर्यायांत अडकून घाबरून बदललं, की वेळ संपला. या चौघांना चार वेगळी औषधं आहेत. माहिती नव्हती तर पुस्तक उघडायचं, पण शब्द सुटत असेल तर कितीही पुस्तक वाचलं तरी उपयोग नाही, तिथे वाचायची सवयच बदलावी लागते. दर रविवारी फक्त ती वही वाचायची, नवीन प्रश्न एकही नाही.

आणि पॅटची एक गोष्ट सांगायची राहिली. ९० प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो, पहिले ३० सगळ्यात वेळखाऊ, ते भोकाचे आणि तीन बाजूंचे. बरेच जण ३१ व्या प्रश्नापासून सुरुवात करतात, कोन, घडी, ठोकळे, आकार असं ९० पर्यंत जाऊन मग पहिल्या तिसाकडे येतात. ठोकळ्यांना प्रत्येक आकृतीसाठी ० ते ५ आकडे उभे लिहून आधी सगळे ठोकळे मोजून खुणा करून घ्यायच्या (तळाला रंग नसतो हे विसरायचं नाही), एका आकृतीवर दोन-चार प्रश्न असतात, मग ते सगळे एकदम सुटतात. तिने पहिल्या तिसातच पाऊण तास घालवला असणार, बरोबर?

वैजू_एनजे | ११ जून २०२३

अगदी बरोबर. ती शेजारी बसून वाचतेय. म्हणते अक्षयदादाला थँक्यू सांग.

मनवा_ह्यूस्टन | २० ऑगस्ट २०२३

धागा उशिरा वाचला. एक महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही, नावाची. माझ्या भाच्याला केंद्राच्या दारातून परत पाठवलं होतं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, त्याने डेंटपिन (परीक्षेच्या नोंदणीचा नंबर) काढताना मधलं नाव टाकलंच नाही, आणि आयडीवर मात्र पूर्ण नाव. दोन्ही तंतोतंत जुळावं लागतं. आयडी पण दोन लागतात, एक सरकारी फोटो आणि सही असलेला, दुसरा निदान सही असलेला. त्याचे पैसे गेले, तारीख गेली, आणि त्याच्यापेक्षा जास्त मन खचलं त्याचं. नोंदणी करतानाच आयडी समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

टेक्सासवाल्यांसाठी अजून एक, इथल्या सरकारी डेंटल कॉलेजांचे अर्ज टीएमडीएसएएसमधून जातात, बाकी देशाचे एएडीएसएएसमधून.

वैजू_एनजे | १४ जानेवारी २०२४

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितेय. तिने गॅप इयर घ्यायचं ठरवलं. या मे मधे ग्रॅज्युएट होईल, परीक्षा मे अखेरीला, अर्ज लगेच जूनमधे. चुकांची वही सुरू झाली आणि पहिल्या दोन महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली जी आम्हाला कुणालाच सुचली नव्हती. तिला वाटत होतं तिची बायॉलॉजी कच्ची आहे. वहीत बघितलं तर बायॉलॉजीच्या निम्म्या चुका चौथ्या रकान्यात 'बदललं' अशा होत्या. म्हणजे पहिलं उत्तर बरोबर, मग मनात शंका येऊन बदललेलं. आता तिने नियम केलाय, नवीन काही आठवल्याशिवाय उत्तर बदलायचं नाही.

आणि दुसरी गोष्ट सांगायची म्हणून खरं तर लिहायला बसले. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात सातारहून. लेक डायनिंग टेबलवर कागदाच्या घड्यांचे प्रश्न करत होती, कागद दोनदा दुमडलाय, एका कोपऱ्यात भोक पाडलंय, उलगडल्यावर भोकं कुठे? आई बघत होत्या शेजारी भाजी निवडत. म्हणाल्या, काय गं हे? तिने मोडक्या मराठीत समजावलं. आईंनी लाइट बिलाच्या पाकिटाची मागची बाजू ओढली, तिचंच पेन घेतलं आणि चार ओळींत चार चार असे सोळा ठिपके घातले, रांगोळीला घालतो तसे. म्हणाल्या, घडी कुठे आहे दाखव. तिथे रेघ मारली. भोकाच्या ठिपक्यावर गोल केला, मग रेघेपासून जितके ठिपके अलीकडे तितकेच पलीकडे मोजून दुसरा गोल केला. मग दुसऱ्या घडीची रेघ, आता दोन गोल होते त्यांचे चार झाले. म्हणाल्या, अर्धं कमळ काढलं की उरलेलं अर्धं काही वेगळं नसतं, रेघेच्या पलीकडे तेच काढायचं.

लेक उठून उभीच राहिली. म्हणे आई, व्हिडिओत अगदी हेच शिकवतात, सोळा टिंबांची जाळी काढा आणि घड्या उलट्या क्रमाने उघडत जा, मी दहा वेळा बघितला पण मला आज कळलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की आजी-नात दोघी टेबलावर बसतात, पंधरा घड्या, घड्याळ लावून. आईंना इंग्रजी वाचता येत नाही पण त्या तिच्याआधी सांगतात कितीदा.

रेवा_नागपूरकर | १४ जानेवारी २०२४

वैजूताई, वाचून डोळे भरले. आजींना माझा नमस्कार सांगा.

टोरांटोकर | १५ जानेवारी २०२४

अर्जात हस्तकौशल्य दाखवा असं बरीच कॉलेजं विचारतात. तिला रांगोळी येत असेल तर जरूर लिहायला सांगा, नीट समजावून. पुतणीने मोदकांच्या कळ्या पाडण्याबद्दल लिहिलं होतं आणि इंटरव्ह्यूत त्यावरच दहा मिनिटं बोलणं झालं.

वैजू_एनजे | ३० मे २०२४

काल दिली.

ह्यावेळी दर शनिवारी सकाळी आठला, परीक्षेच्या वेळेलाच, पूर्ण परीक्षा घरी देत होती, अशा नऊ झाल्या. फोन माझ्याकडे, टेबलावर फक्त लॅमिनेट केलेले दोन बोर्ड आणि मार्कर, कारण तिथे पण कागद-पेन्सिल मिळत नाही, तसलेच दोन बोर्ड आणि बारीक मार्कर देतात. पहिल्या दोन शनिवारी मार्करने लिहायची सवयच नव्हती, पुसलं जायचं, हाताला काळं लागायचं. ब्रेकमधे काय खायचं ते पण ठरवलेलं, अर्धं थालीपीठ आणि केळं, जास्त खाल्लं की रीडिंगला झोप येते हे तिसऱ्या शनिवारी कळलं.

काल निघताना आईंनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आशीर्वाद दिला, मी हातावर दही-साखर ठेवली. आत जाताना खिसे उलटे करून दाखवायला लावतात, चष्मा काढून बघतात, सगळं लॉकरमधे. शेजारी कुणीतरी सारखं कीबोर्ड बडवत होतं म्हणे दुसरीच कसली तरी परीक्षा देणारं, तिने मागून हेडफोन घेतले, दिले त्यांनी.

बायॉलॉजी २०, जनरल केमिस्ट्री २२, ऑरगॅनिक २१, रीडिंग २२, गणित १९. एए २१. पॅट २०.

ह्यावेळी गाडीत बसल्या बसल्या कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, आजीला फोन लाव. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. लावला.

अक्षय_फिली | ३० मे २०२४

काकूउउउ! सतराचे एकवीस! अभिनंदन, तिचं आणि तुमचं आणि आजींचं. आता दोन दिवस झोपू दे आणि मग अर्ज, पहिल्या आठवड्यातच जाऊ दे. निबंध कुणाला तरी वाचायला द्या, मला पाठवलात तरी चालेल.

दंतवैद्य_पुणे | ३१ मे २०२४

मनापासून अभिनंदन. पुण्याला आलात की क्लिनिकला घेऊन या तिला, दोन दिवस बसू दे माझ्याजवळ.

वैजू_एनजे | १६ डिसेंबर २०२४

मिळाली ॲडमिशन!! आपल्याच राज्यात!! पाच इंटरव्ह्यू झाले, दोन ठिकाणांहून होकार आलाय, एका ठिकाणी वेटलिस्ट. एका इंटरव्ह्यूत विचारलं, पहिल्या प्रयत्नात १७ आणि मग २१, मधे काय बदललं? तिने चुकांची वही बरोबर नेली होती, ती काढून चौथा रकाना दाखवला. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

गोदाकाठ | ९ मार्च २०२५

ताई, आज पूर्ण धागा बसून वाचला. मी नाशिकची, मुलगा ४ मे ला नीटची परीक्षा (आपल्याकडची मेडिकल-डेंटलची प्रवेश परीक्षा) देतोय. दुसऱ्यांदा. त्याला बीडीएसही चालणार आहे, गेल्या वर्षी शासकीय कॉलेज थोडक्यात हुकलं. यंदापासून परत १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, ऑप्शनल प्रश्न काढून टाकले, त्यामुळे वेळेचं टेन्शन आलंय त्याला. तुमच्या वहीची पद्धत नीटला चालेल का?

दंतवैद्य_पुणे | ९ मार्च २०२५

चालेल, पण एक फरक आहे तो पक्का लक्षात ठेवा. नीटला बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, त्यामुळे डीएटीसारखं सगळे पर्याय मारून टाकायचं तिथे चालत नाही. वहीत पाचवा रकाना करा, 'ठोकून दिलं'. त्या रकान्यातल्यांचे मार्क दर रविवारी जोडून-वजा करून बघायला सांगा. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर मारण्यात फायदा असतो, एकही कटला नसेल तर सोडून द्यायचा. आणि ९० प्रश्न बायॉलॉजीचे आहेत, ते आधी संपवून फिजिक्सला वेळ ठेवू दे.

बीडीएससाठी वेगळा पेपर नाही, त्याच स्कोअरवर राज्याची प्रक्रिया सीईटी सेलकडून होते, शासकीय कॉलेजातल्या १५ टक्के ऑल इंडियाच्या जागा केंद्राच्या एमसीसीकडून. दोन्हीकडे नोंदणी करा. आणि फॉर्म भरताना मुंबई, नागपूर, संभाजीनगर, मुंबईचंच नायर, सगळी नावं टाका, घराजवळचं एकच टाकून बसू नका.

मनवा_ह्यूस्टन | १० मार्च २०२५

डीएटीवाल्यांसाठी अपडेट. १ मार्च २०२५ पासून स्केल बदललंय, आता १ ते ३० नाही, २०० ते ६०० आणि दहा-दहाच्या टप्प्याने. त्यामुळे वर वैजूने लिहिलेले १७ आणि २१ हे जुन्या स्केलचे आहेत, आपल्या मुलांच्या नव्या मार्कांशी थेट ताडून बघू नका.

गोदाकाठ | १० मार्च २०२५

धन्यवाद डॉक्टर. आजच वही आणली, दोनशे पानी. पण ताई, एक विचारायचं राहिलं. पहिल्या निकालानंतर तिने परत पुस्तक कधी उघडलं? माझा मुलगा गेल्या वर्षी दोन महिने अभ्यासाचं नावच काढत नव्हता आणि मी रोज मागे लागायचे.

वैजू_एनजे | १० मार्च २०२५

पाच आठवड्यांनी. मी एकदाही म्हटलं नाही, फार जड गेलं मला. रोज संध्याकाळी आम्ही दोघी तळ्याला एक फेरी मारायचो आणि परीक्षा सोडून कशावरही बोलायचो. एक दिवस फेरी संपल्यावर ती गाडीत न बसता दुकानात शिरली आणि बाहेर आली तर हातात वही होती. तुम्हीही आता त्याच्या मागे लागू नका, फक्त रविवारी वही वाचताना शेजारी बसा, काही कळलं नाही तरी चालेल. मला तर ऑरगॅनिकमधलं एक अक्षर कळत नव्हतं, मी शेंगा सोलत बसायचे.